मोटारींची सहल आखताना आधी कारखान्याची पाळी पाहावी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सहलींच्या कार्यक्रमपत्रिकांत हल्ली मोटारींच्या संग्रहालयांना आणि मोटार कारखान्यांच्या भेटींना जागा मिळू लागली आहे, याचा माझ्यासारख्या यंत्रशाळेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मनापासून आनंद वाटतो. मात्र या भेटी ज्या पद्धतीने आखल्या जातात ती पद्धत मला सदोष वाटते, आणि त्याविषयी थोडे सविस्तर लिहावे म्हणून हे पत्र. राजवाडे, तलाव, जुन्या पेठा यांची यादी आधी पक्की करायची, विमाने व मुक्काम ठरवायचे, आणि मग उरलेल्या अर्ध्या दिवसात एखादे संग्रहालय किंवा कारखाना बसवायचा, असा बहुतेकांचा क्रम असतो. मोटारी पाहण्यासाठीच जी सहल काढायची, तिचा क्रम नेमका याच्या उलट हवा. कारखान्यात आत जाण्याची तारीख व वेळ सर्वांत आधी मिळवावी, तिच्या मागेपुढे संग्रहालये लावावीत, आणि प्रवासाची तिकिटे शेवटी काढावीत.

यामागचे कारण असे, की संग्रहालय पाहुण्यांसाठीच उघडलेले असते, तर कारखाना मोटारी बनवण्यासाठी चालतो आणि पाहुण्यांना आपल्या कामाच्या सोयीने आत घेतो. साहजिकच दोघांचे वार जुळत नाहीत. युरोपातील बरीच संग्रहालये शनिवार-रविवारी उघडी आणि सोमवारी बंद असतात. कारखान्याच्या भेटी मात्र मुख्यतः सोमवार ते शुक्रवार होतात. श्टुटगार्टमधील मर्सिडीज-बेंझ आणि पोर्शे ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात. म्युनिकमधील बीएमडब्ल्यूचे संग्रहालयही सोमवारी बंद असते, परंतु शेजारच्याच त्यांच्या कारखान्यात सोमवार हा कामाचा दिवस असतो. हे ज्याला ठाऊक आहे तो शनिवार-रविवार श्टुटगार्टच्या दोन संग्रहालयांना देतो, सोमवारी म्युनिकच्या कारखान्यात जातो आणि मंगळवारी तेथील संग्रहालय निवांत पाहतो. ज्याला ठाऊक नाही त्याचा सोमवार बंद दारासमोर जातो, आणि तोवर कारखान्याच्या भेटीच्या जागाही भरून गेलेल्या असतात.

वारांपेक्षा मोठा प्रश्न वार्षिक सुट्टीचा आहे. यंत्रांची देखभाल करण्यासाठी आणि नव्या मॉडेलसाठी साचे, पट्टे व यंत्रमानव बदलण्यासाठी मोटार कारखाने वर्षातून काही काळ उत्पादन पूर्ण थांबवतात. युरोपात ही सुट्टी बहुधा उन्हाळ्यात येते, इटलीत तर ऑगस्टच्या मध्यावर जवळजवळ सगळे उद्योग बंद असतात, आणि नाताळ ते नववर्ष हा आठवडा सर्वत्रच रिकामा जातो. जपानात एप्रिलच्या अखेरीपासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सलग सुट्ट्या येतात, शिवाय ऑगस्टच्या मध्यात ओबोनची सुट्टी असते. सहली मात्र नेमक्या याच दिवसांत निघतात, कारण प्रवाशांनाही रजा त्याच वेळी मिळते. एका सहल-संस्थेच्या पत्रिकेत ‘कारखाना भेट’ असे ठळकपणे छापलेले असताना आमच्या गटाला प्रत्यक्षात कंपनीचे दालन आणि भेटवस्तूंचे दुकान एवढेच दाखवण्यात आले. विचारणा केल्यावर, कारखाना या आठवड्यात बंद असतो, असे उत्तर मिळाले. ती सुट्टी कंपनीने कितीतरी आधी जाहीर केलेली होती; पैसे भरून घेणाऱ्यांपैकी कोणी ती पाहण्याची तसदी घेतली नव्हती, याचा मला आजही राग येतो.

माहिती ताजी असणे किती आवश्यक आहे हे ड्रेस्डेनच्या उदाहरणावरून कळेल. फोक्सवागेनने 2001 साली शहराच्या मध्यवस्तीजवळ काचेच्या भिंतींचा एक कारखाना उघडला. फेटन या महागड्या मोटारीची जुळणी तेथे लाकडी फरशीवर चाले, आणि सुटे भाग शहराच्या ट्रामच्या रुळांवरून धावणाऱ्या मालवाहू ट्रामने येत. रस्त्यावरून जाणाऱ्यालाही आतले काम दिसावे, हाच त्या इमारतीचा उद्देश होता. फेटन 2016 मध्ये बंद झाली, पुढे तेथे विजेवर चालणाऱ्या मोटारी जोडल्या गेल्या, आणि 2025 च्या अखेरीस मोटारींची जुळणीच थांबली. इमारत आजही पाहण्यासारखी आहे, परंतु चालू कारखाना म्हणून तिची वर्णने करणारी पुस्तके आणि पत्रिका अजून वाचकांच्या हाती पडत आहेत. म्हणून ज्या कारखान्याला जायचे तेथे आज कोणते मॉडेल बनते, भेटीत जुळणीचा पट्टा प्रत्यक्ष दिसतो की केवळ चित्रफीत दाखवली जाते, आणि ठरलेल्या तारखेला पाळी आहे का, हे प्रश्न त्या कारखान्याच्याच पाहुणे-विभागाला विचारावेत. मध्यस्थाच्या सांगण्यावर विसंबू नये.

आत गेल्यावर काय पाहायचे याचीही थोडी तयारी हवी. पत्रा दाबणे, जोडणे, रंगवणे आणि जुळणी असे कामाचे चार मोठे टप्पे असतात. रंगविभाग धुळीच्या भीतीने बहुधा दाखवत नाहीत किंवा काचेआडून दाखवतात. जोडविभागात यंत्रमानवांच्या हालचालींनी आणि उडणाऱ्या ठिणग्यांनी सर्वांचे डोळे दिपतात, आणि गाइडचाही बराच वेळ तेथेच जातो. माझे मत विचाराल तर खरा वेळ जुळणीच्या पट्ट्यावर द्यावा, आणि त्यातही मोटारीचे कवच व यंत्रभाग एकत्र येतात ते ठिकाण चुकवू नये. रंगवलेले कवच वरच्या वाहकाला टांगलेले सावकाश खाली येते. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे-मागचे धुरे आणि धूर सोडणारी नळी एका पोलादी चौकटीवर नेमक्या जागी मांडलेली असतात, आणि ती चौकट खालून वर उचलली जाते. दोन्हींमध्ये बोटभर अंतर उरले की चौकटीवरच्या खुंट्या कवचाच्या भोकांत शिरतात, काही क्षण सगळे स्थिर होते, आणि मग बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले जातात. आवळण्याचा जोर किती होता याची नोंद त्या मोटारीच्या नावे संगणकात जमा होते. इतका वेळ जो रिकामा पत्रा होता तो त्या जागी मोटार होतो.

आणखी एक गोष्ट पाहुण्यांच्या नजरेतून सहसा निसटते, ती दारांची. रंगकाम झाल्यावर मोटारीची दारे पुन्हा उतरवून वेगळ्या पट्ट्यावर नेतात, म्हणजे आत वाकून काम करणाऱ्या कामगाराला ती आडवी येत नाहीत आणि त्यांच्यावर ओरखडेही पडत नाहीत. काचा, कुलपे व तारा बसवलेली तीच दारे शेवटी त्याच मोटारीला परत भेटतात. एकामागून एक येणाऱ्या मोटारींचे रंग निराळे, कोणाचे सुकाणू डावीकडे तर कोणाचे उजवीकडे, आणि तरीही प्रत्येकीपाशी तिचेच आसन व तिचेच दार नेमक्या वेळी पोहोचते. ही शिस्त डोळ्यांनी पाहिल्यावर कारखाना म्हणजे काय ते समजते. म्हणूनच मी सुचवतो की शक्य असेल तेथे कारखाना आधी पाहावा आणि संग्रहालय नंतर. कारखाना पाहून आलेला माणूस संग्रहालयात केवळ चकाकणारा रंग पाहत नाही. कवच आणि सांगाडा वेगळे आहेत की एकसंध, पत्र्याखाली लाकूड आहे का, दाराच्या फटी सारख्या आहेत का, हे तो पाहू लागतो. तुरिनच्या लान्चाने 1922 साली लॅम्ब्डा ही मोटार आणली, तीत वेगळ्या सांगाड्याऐवजी पत्र्याचे कवचच भार पेलत होते. कारखान्यातला पट्टा पाहिलेल्या माणसाला त्या बदलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

संग्रहालयांना वेळही भरपूर द्यावा. श्टुटगार्टचे मर्सिडीज-बेंझ संग्रहालय 2006 साली उघडले. तेथे पाहुण्याला लिफ्टने थेट सर्वांत वरच्या मजल्यावर नेतात, आणि 1886 पासून सुरू होणारा इतिहास पाहत एकमेकांत गुंफलेल्या दोन वळणदार मार्गांनी तो खाली उतरतो. नऊ पातळ्या आणि सुमारे 160 वाहने एवढा पसारा दीड तासात पाहणे म्हणजे त्या इमारतीतून चालत जाणे, एवढेच होते. निदान अर्धा दिवस तेथे द्यावा. कार्ल बेंझ यांनी 29 जानेवारी 1886 रोजी ज्या तीनचाकी वाहनाच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याच्यापाशी तर थांबावेच, कारण सहल पुढे नेण्याचा एक सुंदर मार्ग तेथूनच सापडतो. ऑगस्ट 1888 मध्ये त्यांची पत्नी बर्था बेंझ आपल्या दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्त्सहाइमला, म्हणजे सुमारे 100 किलोमीटर, अशा मोटारीने गेल्या. वाटेत वीस्लोख गावी इंधन म्हणून वापरण्याचे द्रव्य त्यांनी औषधांच्या दुकानातून विकत घेतले, आणि ब्रेक झिजल्यावर चांभाराकडून त्यांना चामडे बसवून घेतले. हा मार्ग आता पर्यटनमार्ग म्हणून फलक लावून आखलेला आहे, आणि जवळच्या लाडेनबुर्गमध्ये बेंझ यांच्याच जुन्या कारखान्याच्या इमारतीत संग्रहालय आहे. श्टुटगार्टला जाणाऱ्या किती जणांना हे कोणी सांगते? माझ्या मते तो एक दिवस आणखी एखाद्या दिमाखदार दालनापेक्षा कितीतरी मोलाचा आहे.

यावरूनच दुसरा मुद्दा येतो. कंपन्यांची नावे गोळा करत देशोदेशी धावण्यापेक्षा एकच प्रदेश निवडावा आणि तो नीट पाहावा. तुरिनचे उदाहरण घ्या. तेथील राष्ट्रीय मोटार संग्रहालयाची कल्पना 1933 मधली, इमारत 1960 ची, आणि तिची नव्याने मांडणी झाली 2011 साली. तेथून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर फियाटचा जुना लिंगोत्तो कारखाना आहे. 1923 साली सुरू झालेल्या या पाच मजली कारखान्यात कच्चा माल तळमजल्यावर येई, मोटार बनत बनत मजल्यामागून मजला वर चढे, आणि तयार मोटार थेट गच्चीवरच्या चाचणी-मार्गावर बाहेर पडे. उत्पादन 1982 मध्ये थांबले. वास्तुरचनाकार रेन्झो पियानो यांच्या आराखड्याने इमारतीचा कायापालट झाला, आणि गच्चीवर आता बाग आहे, पण सुमारे एक किलोमीटर लांबीच्या त्या मार्गाची तिरपी वळणे जशीच्या तशी आहेत. त्या वळणाच्या तळाशी उभे राहून वर पाहिले, की पाच मजल्यांच्या उंचीवर मोटारी भरधाव पळवणाऱ्या चालकांचे धाडस अंगावर येते. लिंगोत्तो आज चालू कारखाना नाही, तरीही कारखान्याची रचना समजून घेण्यासाठी त्याच्याइतकी बोलकी इमारत मी पाहिलेली नाही.

अमेरिकेत हाच धागा डेट्रॉइट परिसरात धरता येतो. पिकेट अ‍ॅव्हेन्यूवरची 1904 ची विटांची इमारत आता संग्रहालय आहे. फोर्डची मॉडेल टी 1908 मध्ये तेथे जन्मली, तेव्हा मोटार एका जागी उभी असे आणि कामगार तिच्याभोवती फिरत. त्याच शहराने वेढलेल्या हायलँड पार्क गावात 1913 साली सरकत्या पट्ट्यावरची जुळणी सुरू झाली आणि सांगाडा जुळवण्याचा वेळ साडेबारा तासांवरून सुमारे दीड तासावर आला. तिसरा टप्पा डिअरबॉर्नच्या रूज कारखान्याचा. तेथे पाहुण्यांना 1924 पासून आत नेले जात असे. मधल्या काळात बंद पडलेली ही प्रथा 2004 मध्ये पुन्हा सुरू झाली. आजची भेट हेन्री फोर्ड यांच्या नावाच्या संग्रहालयातून सुटणाऱ्या बसने होते. एफ-150 या ट्रकची जुळणी पट्ट्याच्या वर बांधलेल्या मार्गिकेवरून चालत पाहता येते, आणि सुमारे 10 एकरांच्या छपरावर लावलेल्या वनस्पतीही वरच्या सज्जातून दिसतात. एक सावधगिरी मात्र घ्यावी : भेटीचे तिकीट मिळाले म्हणजे त्या वेळी पट्टा चालू असेलच, याची हमी नसते, म्हणून शक्यतो आठवड्याचा मधला दिवस निवडावा. शेजारच्या ग्रीनफील्ड व्हिलेजमध्ये खऱ्या मॉडेल टीमधून फेरी मारता येते, परंतु ते हिवाळ्यात बंद असते. पिकेट, हायलँड पार्क आणि रूज या क्रमाने पाहिले, तर काम माणसाकडे कसे आणि कोणत्या कारणाने सरकत आले, याचा उलगडा कोणत्याही पुस्तकापेक्षा स्पष्ट होतो.

जपानातील नागोयाविषयी थोडे अधिक लिहावेसे वाटते, कारण तेथे संग्रहालय आणि कारखाना यांतले अंतरच पुसले गेले आहे. टोयोटा समूहाचे उद्योग व तंत्रज्ञानाचे स्मारक-संग्रहालय 1994 साली उघडले, तेही संस्थापक टोयोडा घराण्याच्या जुन्या यंत्रमाग कारखान्याच्या लाल विटांच्या इमारतीत. मोटारी पाहायला गेलेल्या माणसाला आधी सूतकताई आणि विणकाम पाहावे लागते, आणि बरेच जण तो भाग घाईने ओलांडून पुढे जातात. तसे करू नये. तेथे 1924 च्या जी प्रकारच्या स्वयंचलित मागाचे प्रात्यक्षिक दाखवतात. धोटा अखंड धावत असतो. मागावरचा एक धागा तुटला, की त्याच्यावर तोललेली पातळ पट्टी खाली घसरते आणि माग आपोआप थांबतो. दोष असलेले कापड पुढे विणलेच जात नाही. काहीही बिघडले की काम तेथेच थांबवायचे, हे तत्त्व पुढे त्यांच्या मोटार कारखान्यांत आले, आणि पट्ट्यावरचा साधा कामगारही दोरी ओढून इशारा देऊ शकेल व वेळ पडल्यास पट्टा थांबवू शकेल, अशी व्यवस्था झाली. किइचिरो टोयोडा यांनी 1933 साली यंत्रमागांच्या कंपनीतच मोटार विभाग सुरू केला, ही केवळ इतिहासातली नोंद न राहता त्या दालनात चालते-बोलते कारण होऊन समोर येते. तेथून शिंकान्सेन या वेगवान रेल्वेने हिरोशिमाला जावे. माझदाचे संग्रहालय त्यांच्या कारखान्याच्या आवारातच आहे. आधी नोंदणी करून मुख्य कार्यालयातून त्यांच्याच बसने आत जावे लागते. 1967 ची रोटरी इंजिनाची कॉस्मो स्पोर्ट आणि 1991 ची ल मान्स शर्यत जिंकणारी 787 बी पाहून झाल्यावर त्याच भेटीत चालू जुळणीचा पट्टाही दिसतो. संग्रहालय आणि कारखाना एकाच फेरीत हवे असतील, तर याहून सोयीची जागा क्वचितच मिळेल.

सर्वांत जास्त निराशा होते ती इटलीत मोदेनाच्या आसपास, आणि दोष त्या जागेचा नाही. एन्झो फेरारी यांचे मोदेनातील जन्मघर व त्यालगतचे पिवळ्या छपराचे संग्रहालय, मारानेल्लोचे फेरारी संग्रहालय, सांतागाता बोलोन्येझेतील लँबोर्गिनी, बोलोन्याच्या वेशीवरचे मोटारसायकली बनवणाऱ्या दुकातीचे आवार हे सारे एकमेकांच्या इतके जवळ आहे, की मोटारींच्या शौकिनाने तेथे निवांत मुक्काम करावा. परंतु फेरारीचा जुळणी-विभाग सर्वसामान्य पाहुण्यांना आतून दाखवला जात नाही, तो मान मुख्यतः त्यांच्या मोटारी घेणाऱ्यांना मिळतो. इतरांना आवारातून बसने फिरवले जाते. हे आधी स्पष्ट सांगितले, तर कोणी नाराज होणार नाही. सांगितले जात नाही, म्हणून लोक हिरमुसून परततात आणि दोन उत्तम संग्रहालयांचा आनंदही गमावून बसतात.

कमी गाजलेल्या जागांकडेही वाचकांचे लक्ष वेधतो. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात लाइप्झिगच्या बीएमडब्ल्यू कारखान्याची मध्यवर्ती इमारत वास्तुरचनाकार झाहा हदीद यांच्या रचनेची आहे. तेथे मोटारींची कवचे कार्यालयात बसलेल्या कर्मचाऱ्यांच्या डोक्यावरून पट्ट्यावर सरकत जातात. जवळच्या त्स्विकाउमध्ये ऑगस्ट हॉर्ख संग्रहालयात युद्धपूर्व काळातील आलिशान मोटारींपासून पूर्व जर्मनीच्या साध्या ट्राबांट मोटारीपर्यंतचा प्रवास आहे. पोलादी पत्रा पुरेसा नसल्याने ट्राबांटचे बाह्य पत्रे कापसाच्या तंतूंत राळ मिसळून दाबून बनवत, आणि अशा 30 लाखांहून अधिक मोटारी 1957 ते 1991 या काळात बनल्या. टंचाईतून काढलेला तो मार्ग पाहताना त्या कामगारांविषयी आदर वाटल्यावाचून राहत नाही. इंग्लंडमध्ये मॅल्व्हर्नच्या मॉर्गन कारखान्यात अ‍ॅश लाकडाच्या चौकटी आजही सुतार हाताने जुळवतात, आणि रंधा व पॉलिश कागदाचा आवाज असलेला मोटार कारखाना ऐकायचा, तर तेथेच जावे लागेल. फ्रान्समधील मुलूझचे मोटार संग्रहालय एका कापड गिरणीत आहे. गिरणीमालक श्लुम्फ बंधूंनी तेथे मोटारींचा प्रचंड संग्रह लोकांच्या नजरेआड जमवला होता. गिरणी बुडाल्यावर 1977 मध्ये कामगारांनी तिचा ताबा घेतला, तेव्हा तो जगासमोर आला, आणि 1982 पासून तो सर्वांसाठी खुला आहे. बुगाटी रॉयाल या मोटारी एकूण सहाच बनल्या, त्यांपैकी दोन मुलूझला आणि एक डिअरबॉर्नच्या संग्रहालयात आहे.

काही व्यावहारिक गोष्टींची पूर्वकल्पना सहल-आयोजकांनी द्यायलाच हवी. कारखान्याच्या आत छायाचित्रे घेण्यास बहुधा मनाई असते आणि अनेक ठिकाणी फोन दाराशीच ठेवून घेतात. पाय पूर्ण झाकणारे, सपाट तळाचे बूट लागतात. सँडल घातलेल्याला परत पाठवले जाऊ शकते. लहान मुलांसाठी किमान वयाची अट असते, आणि ती प्रत्येक कारखान्यात वेगळी असते. चालणे बरेच होते आणि मध्ये बसायला जागा नसते, म्हणून वयस्कर प्रवाशांनी व चाकाच्या खुर्चीचा वापर करणाऱ्यांनी मार्गाची माहिती आधी मागवावी. ज्यांच्या छातीत पेसमेकर आहे त्यांनी जोडविभागातील चुंबकीय क्षेत्राविषयी कारखान्याला व आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. भेट कोणत्या भाषेत होणार हेही नोंदणी करतानाच ठरते. इंग्रजीतील फेऱ्या थोड्या असतात आणि त्याच लवकर भरतात. एका दिवशी एकच कारखाना असावा, कारण आवाज, उभे राहणे आणि सतत लक्ष देणे यांनी माणूस थकतो, आणि दुसऱ्या कारखान्यातले काहीच मनात राहत नाही.

आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे, की अशा स्थळांवर लेख प्रसिद्ध करताना शेवटी एक चौकट द्यावी : स्थळ कोणत्या वारी बंद असते, वार्षिक सुट्टी कधी असते, नोंदणी किती आधी करावी लागते आणि चालू पट्टा दिसतो की नाही. सहल-संस्थांकडे मागणी अशी, की पत्रिकेत ‘कारखाना भेट’ असे छापताना कोणता विभाग किती वेळ दाखवला जाईल हे लेखी द्यावे, आणि जुळणी-विभाग दाखवता येणार नसेल तर ‘संग्रहालय भेट’ एवढेच लिहावे. नोंदणी रद्द झाल्यास त्या भागाचे पैसे परत मिळतील, ही अटही त्याच पानावर असावी. पुढच्या हंगामाच्या पत्रिका छापायला जाण्यापूर्वी हा बदल व्हावा, अशी माझी अपेक्षा आहे.

आपला नम्र,
एक नियमित वाचक